तातीकडून नायलॉनकडे : गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया

गिटारला अभिजात संगीताच्या सभागृहात मानाचे स्थान मिळवून देणारे स्पेनचे विख्यात वादक आंद्रेस सेगोव्हिया यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी लिनारेस या गावी झाला. त्या काळी स्पेनमध्ये गिटार हे मद्यगृहातील गाण्याबजावण्याचे आणि लोकनृत्याच्या साथीचे वाद्य मानले जात असे. कुटुंबीयांचा विरोध पत्करून सेगोव्हिया यांनी ग्रॅनडा येथे बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने वादनविद्या आत्मसात केली. १९१२ मध्ये माद्रिद येथील वाद्यनिर्माते मानुएल रामिरेस यांच्याकडे ते गिटार भाड्याने घेण्यासाठी गेले होते. त्यांचे वादन ऐकून रामिरेस यांनी ते वाद्य त्यांना भेट दिले. पुढे १९२४ मध्ये पॅरिस आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्क येथील मैफलींनी त्यांची कीर्ती जगभर पसरली.

सेगोव्हिया यांनी मैफलीत ध्वनिवर्धक वापरण्यास आयुष्यभर नकार दिला. साहजिकच मोठ्या सभागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोहोचवण्याचा सारा भार वाद्यावर, बोटांवर आणि तारांवर पडत असे. गिटारच्या सहा तारांपैकी वरच्या स्वरांच्या तीन तारा त्या वेळी मेंढीच्या आतड्यापासून बनवलेल्या तातीच्या असत. आपल्याकडील सारंगीला अशीच तात लावतात, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. खालच्या स्वरांच्या तीन तारा रेशमाच्या धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळून तयार केल्या जात.

तातीचा नाद मधुर खरा, परंतु तिचा भरवसा धरता येत नसे. हवेतील दमटपणाने तिचा स्वर उतरे, जाडी सर्वत्र सारखी नसल्यास ती बेसूर बोले आणि सर्वांत बारीक असलेली पहिली तार ऐन मैफलीत तुटण्याची धास्ती कायम असे. पोलादी तारा हा पर्याय अमेरिकेत रूढ होऊ लागला होता. तथापि त्यांचा एकूण ताण तातीच्या जवळजवळ दुप्पट असतो. तातीसाठी घडवलेल्या गिटारची पातळ तबकडी आणि तिच्यावरील घोडी हा ताण पेलू शकत नाही. शिवाय नखाने आणि बोटाच्या मांसल भागाने छेडलेला जो मऊ, भरीव स्वर हे सेगोव्हिया यांचे वैशिष्ट्य, तो पोलादातून उमटणे शक्य नव्हते.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकल्यावर सेगोव्हिया यांनी बार्सिलोना सोडले आणि काही वर्षे उरुग्वेतील मोंतेव्हिदेओ येथे वास्तव्य केले. (जनरल फ्रँको यांच्या राजवटीविषयीच्या त्यांच्या अनुकूल भूमिकेवर पुढे टीकाही झाली.) दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. शस्त्रक्रियेनंतर जखमा शिवण्यासाठी लागणारा धागाही आतड्यापासूनच बनत असल्याने हा कच्चा माल लष्करी रुग्णालयांकडे वळवण्यात आला आणि वादकांना चांगली तात मिळेनाशी झाली. जखमी सैनिकांच्या गरजेपुढे गिटारवादकाची तक्रार कोण ऐकणार?

यातून मार्ग काढला तो न्यूयॉर्कमधील वाद्यनिर्माते अल्बर्ट ऑगस्टिन यांनी. अमेरिकेतील ड्यू पाँट या कंपनीने १९३८ मध्ये जगापुढे आणलेले नायलॉन तोवर दात घासण्याच्या ब्रशापासून हवाई छत्रीपर्यंत पोहोचले होते. त्याचा अखंड धागा गिटारला लावून पाहण्याचा प्रयोग ऑगस्टिन यांनी केला. सेगोव्हिया यांना या तारांत प्रारंभी किंचित धातूसारखा नाद जाणवला. परंतु हा दोष दूर होण्याजोगा आहे, असा निर्णय देऊन त्यांनी प्रयोगाला पाठिंबा दिला. धागा घासून सर्वत्र एकसारख्या जाडीचा करण्याचे तंत्र ऑगस्टिन यांनी विकसित केले. खालच्या स्वरांसाठी नायलॉनच्या बारीक तंतूंवर धातूची तार गुंडाळण्यात आली. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात या तारा बाजारात आल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक अभिजात गिटारांवरून तात नाहीशी झाली.

अर्थात नायलॉनही निर्दोष नव्हते. नवी तार काही दिवस ताणली जात राहते व पुनःपुन्हा स्वरात लावावी लागते. नायलॉन वजनाला हलके असल्याने तिसरी तार जाड ठेवावी लागते आणि तिचा नाद काहीसा दबलेला वाटतो. याच कारणास्तव अलीकडे अनेक वादक त्या जागी अधिक घन, म्हणून अधिक बारीक अशी कार्बन नावाने ओळखली जाणारी तार पसंत करतात. तातीचा नाद अधिक जिवंत होता, असे मानणारे रसिकही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही.

सेगोव्हिया यांनी मात्र पुन्हा मागे वळून पाहिले नाही. जर्मन कारागीर हर्मान हाउझर यांनी १९३७ मध्ये, म्हणजे तातीच्या काळात, घडवलेली गिटार त्यांनी नायलॉनच्या तारा लावून १९६२ पर्यंत वाजवली. ही गिटार आणि रामिरेस यांनी भेट दिलेली गिटार आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहेत. १९८१ मध्ये स्पेनचे राजे हुआन कार्लोस यांनी सेगोव्हिया यांना सालोब्रेन्याचे मार्क्विस हा किताब बहाल केला. नव्वदी ओलांडल्यानंतरही त्यांच्या मैफली सुरूच होत्या. २ जून १९८७ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.