फादर स्टीफन्स

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. ते कॅथलिक पंथाचे होते. राणी एलिझाबेथच्या राज्यात या पंथाच्या लोकांना उघडपणे आपली उपासना करण्याची मोकळीक नव्हती. भाकर व द्राक्षरस देवास अर्पण करण्याचा त्यांचा मुख्य विधी, म्हणजे मिस्सा, तोही चोरून करावा लागे. स्टीफन्स यांच्या एका जिवलग मित्रास धर्मासाठी तुरुंगात जावे लागले. तेव्हा स्टीफन्स देश सोडून रोमला गेले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले. प्रवास मोठा बिकट होता. दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले. त्यांतील सत्तावीस दगावले. २४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. वाटेतील वारे, मासे आणि समुद्रपक्षी यांचे वर्णन स्टीफन्स यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोठ्या हौसेने केले आहे. पुढे त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातच गेले.

त्यांचे बहुतेक कार्य साष्टी प्रांतात झाले. तेथील अनेक कुटुंबे नुकतीच ख्रिस्ती झाली होती. काही स्वखुशीने, तर काही राजसत्तेच्या धाकाने. पोर्तुगीजांनी जुनी पुराणे वाचण्यास बंदी केली होती. चर्चमधील प्रार्थना लॅटिन भाषेत चालत. लेकराच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे पाणी पडे, मिस्सेत प्रसाद मिळे. पण कानांवर पडणारे शब्द परके असत. ज्या घरांत रोज ओव्या घुमत, ती घरे मुकी झाली. स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयाने आले होते, हे खरे. तरी लोकांची ही उणीव त्यांच्या ध्यानात आली.

त्यांनी लोकांच्या बोलीचा, कोंकणीचा, आणि ग्रंथांच्या मराठीचा कसून अभ्यास केला. जुन्या पुराणांच्या जागी आम्हांस काही तरी वाचावयास द्या, अशी विनंती एक ब्राह्मण पाद्रींना करतो, असा प्रसंग त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण. जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा त्यात सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली आहे. स्वर्गास त्यांनी वैकुंठ म्हटले. असे ओळखीचे शब्द ऐकून श्रोत्यांना कथा जवळची वाटली असल्यास नवल नाही. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती तर पुढे सर्वतोमुखी झाली.

१६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ छापला गेला, पण रोमन लिपीत. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. परंतु देशी अक्षरांचे खिळे नव्हते. जोडाक्षरांसह ते शेकड्यांनी ओतावे लागले असते. देशी लिपीत पुस्तके छापावीत म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहिले होते. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

१६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला. त्यांनी लिहिलेली ख्रिस्ती धर्मशिक्षणाची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ साली आणि कोंकणीचे व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले. सतराव्या शतकात ख्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांतील एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. भाविक कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांमुळेच हे काव्य वाचले. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा रोमन लिपीत छापले गेले. अखेर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत प्रसिद्ध केले.