पावसाचा हिशेब मांडणारे डॉक्टर स्मिथ

मुलांनो, 'ॲसिड रेन' हे शब्द तुम्ही शाळेत ऐकले असतील. ते रूढ करणाऱ्या रॉबर्ट अँगस स्मिथ यांची ओळख आज आम्ही करून देणार आहोत.

त्यांचा जन्म १८१७ साली ग्लासगोजवळ झाला. घरच्यांना त्यांनी धर्मोपदेशक व्हावे असे वाटे, पण त्यांना ओढ रसायनशास्त्राची. जर्मनीत लीबिग यांच्या हाताखाली शिकून १८४१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते मँचेस्टरला आले.

तेव्हाचे मँचेस्टर म्हणजे जिकडेतिकडे गिरण्यांची धुराडी. (मुंबईचे जुने गिरणगाव पाहिलेल्या आईबाबांना हे वेगळे सांगायला नको.) धुराबद्दल कुरकुर सगळेच करीत. स्मिथनी मात्र पावसाचे पाणी गोळा करून तपासले. लांबच्या शेतांवरचा पाऊस वेगळा, उपनगरातला वेगळा आणि भर शहरातल्या पावसात चक्क गंधकाम्ल! कोळशातले गंधक भट्टीत जळून वर जाई आणि पावसाबरोबर खाली येई. कापडाचे रंग उडण्याचे, दगड आणि लोखंड झिजण्याचे कारण हेच. १८५२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

विडनेस आणि सेंट हेलेन्सची तऱ्हा आणखी वाईट. तिथे सोडा करण्यासाठी मीठ आणि गंधकाम्ल भट्टीत तापवीत. त्यातून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूने आसपासची झाडे जळून जात. उपाय साधा होता: कोकने भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी सोडायचे आणि खालून वायू, तो पाण्यात विरघळतो. पण पदरचे पैसे कोण घालणार? अखेर १८६३ मध्ये कायदा आला: ९५ टक्के आम्ल अडवलेच पाहिजे. पहिले निरीक्षक झाले स्मिथ. मदतीला माणसे चारच.

खटले भरण्यापेक्षा ते कारखान्यात जाऊन मोजमाप करीत आणि चूक कुठे आहे ते दाखवीत. कारखानदारांना ते फार सांभाळून घेतात, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पण आम्हा इंजिनियर मंडळींना त्यांची रीत पटते. पहिल्याच वर्षी निसटणारे आम्ल सरासरी दीड टक्क्याच्याही खाली आले.

आता एक गणित. १०० टनांचे ५ टक्के म्हणजे ५ टन, पण १००० टनांचे? कारखाने वाढले की टक्केवारी पाळूनही हवा बिघडणारच! म्हणून १८७४ च्या कायद्यात धुराड्यातल्या दर घनफूट वायूमागे आम्ल किती चालेल, याचीच मर्यादा घातली गेली.

गिरण्यांच्या काळ्या धुराला मात्र हे कायदे लागू नव्हते. १८८४ मध्ये स्मिथ वारले, तेव्हाही मँचेस्टरची धुराडी धुरकटतच होती. घरांतल्या शेगड्यांच्या धुराला देशभर आवर घालणारा कायदा यायला १९५६ साल उजाडले.