सामाजी दिवेकरांचा नवस

भगिनींनो, आपल्या कुंडलला पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात. त्यामुळे दुसऱ्या धर्माची भक्ती पाहण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून आज मी एका यहुदी भक्ताची हकीकत सांगणार आहे. मी सातवीपर्यंतच शिकले, तेव्हा गोड करून घ्या.

त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर. नावावरून कोणी कोकणातले हिंदू गृहस्थ वाटतील. पण ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे ते लोक सांगतात. घाण्यावर तेल काढणे हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. धर्मपोथ्या गेल्या, मूळची भाषा विसरली. पण देव एकच आहे असे सांगणारी शेमा ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली.

यहुदी धर्मात देवाला बिलगून राहण्याला दवेकुत म्हणतात. मूल आईला बिलगते तसेच ते. त्यासाठी संसार सोडावा लागत नाही. हातातले काम करताना मन तिकडे ठेवायचे.

सामाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने रदबदली केली म्हणून जीव वाचला, अशी कथा आहे. सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा नवस त्यांनी कैदेत केला, असेही सांगतात.

सुटून आल्यावर १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. मुंबईतले हे पहिलेच यहुदी मंदिर. तोवर तिथले बेने इस्राएल घरीच प्रार्थना करीत. १८६० साली हे मंदिर जवळच नव्या जागी गेले. त्याच्या नावाचा अर्थ दयेचे द्वार. बेने इस्राएल आपल्या मंदिराला मशीद म्हणत. त्यावरूनच मशीद बंदर स्टेशनाचे नाव पडले, असे म्हणतात. पुढच्याच वर्षी, १७९७ साली, कोचीनला सामाजींचा अंत झाला.

बेने इस्राएलांत नवस फिटला की एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, साखर, खोबरे, वर फळे. आपल्या प्रसादासारखेच की! १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली, तरी मलिदा तिथेही होतो.

आपण नवस बोलतो तो बहुधा आपल्याच घरापुरता. फेडला की संपला. सामाजींनी जीव वाचल्याचे ऋण सगळ्या समाजाला एकत्र बसण्याची जागा देऊन फेडले. आणि पोथी हाती नसताना एका प्रार्थनेवर देव धरून ठेवणाऱ्या त्या तेलिणी आठवल्या, की देवासाठी सवड नाही हे म्हणणे मला जड जाते. भाकरी थापताना नाव घ्यायला सवड कशाला हवी?