रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवायचे, ही गोष्ट बेने इस्रायलांना कोकणात कोणी शिकवावी लागली नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांमध्ये त्यांचे घाणे शनिवारी फिरत नसत, म्हणून शेजारपाजारच्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले. तोरातील शब्बाथची आज्ञा फक्त घरच्या माणसांपुरती नाही. घरातला नोकर, दारात राहणारा परका माणूस आणि गोठ्यातला बैल यांनाही तोच विसावा तिने दिला आहे. पण घाणा स्वतःचा असला तर तो थांबवणे घरधन्याच्या हाती असते. दुसऱ्याच्या यंत्रावर राबणाऱ्याने काय करायचे? मुंबईच्या गिरण्यांत हा प्रश्न मोठ्याने विचारणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे.

त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घराणे फुलमाळ्यांचे, मूळ पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. घरची परिस्थिती बेताची होती. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण ठाण्यात झाले. त्या काळी त्यांच्या जातीत एवढे शिकलेला मुलगा दुर्मिळच. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल म्हणून लागले. गिरणीचे सामान, सूत, तेल, सुटे भाग यांचा हिशेब ठेवणे हे त्यांचे काम. हातात लेखणी, अंगावर स्वच्छ कपडे, पण दिवसभर वावर सूतखात्यात आणि मागखात्यात. गिरणी आतून कशी चालते हे त्यांनी तिथे रोज पाहिले, आणि पुढे त्यांचे बोलणे मालकांना खोडून काढता आले नाही ते याच कारणाने.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारायला घेतली. पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव वाढत गेला. मालकांत पारशी होते, भाटिये होते, बगदादहून आलेले ज्यू ससूनही होते. कामगार मात्र बहुतेक कोकण आणि घाटावरचे, त्यातही रत्नागिरीचे फार. कोकण किनाऱ्यावरून गलबताने आणि आगबोटीने मुंबईला उतरणाऱ्या या गर्दीत बेने इस्रायल कुटुंबेही असत; त्यांचे पुरुष सुतारकाम, गवंडीकाम, कारकुनी किंवा पलटणीत शिरत.

गिरणीत विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्यच भोंगा होता. उजाडले की यंत्रे सुरू, अंधारले की बंद. हिवाळ्यात बारा तासांच्या आसपास, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. सणावारी गिरणी बंद राही, पण ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. रविवारी यंत्रे पुसायला बोलावले जाई आणि त्यात अर्धा दिवस जाई. जेवणाची वेळही ठरलेली नसे. यंत्र चालू असतानाच कोणीतरी शेजारच्याचे माग सांभाळायचे आणि त्याने चार घास खायचे. पगार महिन्याचा, तोही पुढचा महिना बराच सरल्यावर. तोवर वाण्याकडे उधारी. नोकरी देणारा आणि काढणारा मुकादम म्हणजे जॉबर, त्याची दस्तुरी वेगळी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. मालकाचे तोंड कामगाराने सहसा पाहिलेलेच नसे.

या अवस्थेकडे पाहण्याची दृष्टी लोखंडे यांना जोतीराव फुले यांच्याकडून मिळाली. फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि लोखंडे त्याच्या मुंबईतल्या कामात पडले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ हे पत्र पुण्यात सुरू केले होते, पण पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणले आणि मरेपर्यंत चालवले. शेतकरी आणि कामकरी यांच्या बाजूने लिहिणारे पत्र त्या काळी दुसरे शोधूनच काढावे लागले असते.

इथे एक गुंता समजून घ्यायला हवा, नाहीतर लोखंडे यांचे धैर्य नीट कळत नाही. हिंदुस्थानातल्या कारखान्यांवर कायदा आणा, अशी मागणी सर्वांत जोराने करीत होते ते इंग्लंडमधले, मँचेस्टर-लँकेशायरकडचे गिरणीमालक. मुंबईचे स्वस्त सूत त्यांना नडत होते. त्यामुळे कारखाना कायदा म्हणजे देशी धंद्याचा गळा घोटण्याचा विलायती डाव, असे बहुतेक देशी पुढाऱ्यांना आणि पत्रांना वाटे, आणि ते सर्वस्वी खोटेही नव्हते. मुंबईतले पारशी सुधारक सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुलांच्या आणि बायकांच्या कामाला मर्यादा घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनाही पुष्कळ बोल ऐकावे लागले. लोखंडे यांनी बंगालींची बाजू घेतली. मँचेस्टरचा हेतू काहीही असो, चौदा तास उभे राहणाऱ्याचे पाय दुखतात ते खरेच दुखतात, अशी त्यांची भूमिका होती. देशाचा धंदा वाढावा हे त्यांनाही हवे होते. तो कोणाच्या पाठीवर वाढतो हेही ते विचारत होते.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा तोकडाच निघाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांवर काम करून घ्यायचे नाही, त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या. मोठ्या माणसांसाठी त्यात काहीच नव्हते.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंडे यांनी त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संस्था उभी केली. आयोगाकडे जो अर्ज गेला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. बहुतेकांना लिहिता येत नसताना एवढी नावे गोळा करायला किती चाळी, किती जिने आणि किती रात्री लागल्या असतील याचा अंदाज करावा. शिवाय कागदावर नाव देणे म्हणजे जॉबरच्या नजरेत येणे.

अर्जातल्या मागण्या आज वाचताना फार साध्या वाटतात. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास यंत्रे थांबावीत. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापुरती सोय व्हावी. पगारवाढीचा यात उल्लेखही नाही. उलट रविवार बंद म्हणजे तुकड्यावर काम करणाऱ्या विणकराचे त्या दिवसाचे पैसे बुडणार होते. तरी त्यांनी सुट्टी मागितली.

रविवारच का, याला लोखंडे यांचे उत्तर होते. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत हे एक. आणि रविवार हा खंडोबाचा वार, कामगारांचे कुलदैवत बहुतेक तेच, हे दुसरे. सहा दिवस पोटासाठी राबल्यावर एक दिवस आपल्या समाजाच्या कामाला आणि विचाराला मिळावा, असेही ते सांगत. बेने इस्रायलांच्या दृष्टीने हे पारडे उलटेच पडले. शहराची सुट्टी रविवारी ठरत गेली तसा कचेरीत आणि कारखान्यात काम करणाऱ्याला शनिवार पाळणे अवघड झाले. खेड्यात स्वतःच्या घाण्यावर जे सहज जमत होते, ते मुंबईत नोकरी सांभाळून जमेना. शब्बाथ की पगार, हा पेच अनेक घरांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या सोसला. लोखंडे यांचा त्यात दोष नाही. सगळ्यांसाठी एकच दिवस ठरवायचा तर तो कोणाचा तरी वार असणार.

अर्ज, चौकशी, अहवाल यांत सहा वर्षे गेली. १८८९ मध्ये लोखंडे यांनी पुन्हा अर्ज केला. मग २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायका उठून सर्वांसमोर बोलल्या, आणि तेही अशा काळात, जेव्हा सभेत बाईने बोलणे सुशिक्षित घरांतही नवलाचे होते. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. तो दिवस मंगळवार होता.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा कारखाना आयोग नेमला आणि मुंबईतल्या कामासाठी लोखंडे यांना सहायक म्हणून घेतले. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा थांबा या दोन गोष्टी सर्व कामगारांसाठी आल्या. बायकांचे काम अकरा तासांवर नेता येईना. मुलांचे वय किमान नऊ झाले आणि त्यांचे तास सातवर आले. मोठ्या पुरुषांचे तास मात्र तसेच मोकळे राहिले, वेळेवर पगार नाही तो नाहीच, आणि जखमी माणसाची भरपाई तर पुढच्या शतकावर गेली.

लोखंडे यांच्या संस्थेला आजच्या अर्थाने युनियन म्हणावे का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. तिला वर्गणी नव्हती, लेखी नियम नव्हते, सभासदांची यादी नव्हती. ती संप करीत नसे. सभा घेई, सह्या जमवी, अर्ज करी. सभासद, वर्गणी आणि पदाधिकारी असलेली पहिली संघटना मद्रासला १९१८ मध्ये आली, कामगार संघांना कायद्याची मान्यता १९२६ मध्ये मिळाली आणि मुंबईचा गिरणी कामगार युनियन १९२८ चा. तरीही आपण एकटे नाही हे गिरणी कामगाराला प्रथम दिसले ते सुपारीबागेत. पुढच्या साऱ्या संघटना त्या दिसण्यावर उभ्या आहेत.

मुंबईच्या मुकादमासारखा माणूस समुद्रापलीकडेही होता. कतारच्या ईशान्य किनाऱ्यावरचे अल खोर हे तेव्हा मोती काढणाऱ्यांचे गाव. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे पायाला दगड बांधून तळाशी जात आणि शिंपले वर आणत. ते मोती मुंबईच्या बाजारात येत. हंगामापूर्वी गलबताचा नाखुदा पाणबुड्याला उचल देई, ती फिटत नसे, आणि बाप मेला की कर्ज मुलाच्या माथी येई. तिथे लोखंडे झाला नाही. मोत्यांचा धंदा बसला आणि तेल-वायूचे दिवस आले. आज अल खोरला राबणाऱ्यांत भारतीय कामगार पुष्कळ आहेत. २००४ च्या कतारी कामगार कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी दिली आहे, तीही वार ठरवून, शुक्रवारी. पण परदेशी कामगाराला तिथे स्वतःची युनियन काढता येत नाही. २०२२ च्या विश्वचषक फुटबॉलचा पहिला सामना अल खोरच्या अल बैत मैदानात झाला. त्याच्या आधीच्या वर्षांत जगभरच्या कामगार संघटनांनी कतारवर दबाव आणला, आणि मालक-कामगारांच्या संयुक्त समित्या व किमान वेतन अशा काही सुधारणा झाल्या. पगार वेळेवर मिळावा, ही तिथल्या कामगारांची तक्रार १८८४ च्या परळच्या अर्जात जशीच्या तशी सापडते.

लोखंडे फक्त गिरणीपुरते राहिले नाहीत. विधवांचे केस कापण्याच्या रूढीविरुद्ध त्यांनी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांची सभा भरवली आणि हे काम आम्ही करणार नाही असे त्यांच्याकडून ठरवून घेतले. हीही एका परीने कामगारांची एकजूटच. वस्तरा ज्याच्या हातात, त्यानेच नकार द्यायचा. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली, तेव्हा दोन्ही समाजांना राणीच्या बागेत एकत्र आणणाऱ्यांत ते पुढे होते. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादुर केले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. शहर ओस पडू लागले. गिरण्यांत माणसे मिळेनात, तेव्हा जॉबर रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजंदारी वाढवून देऊ लागले आणि मजुरी रोजच्या रोज हातात पडू लागली. दहा-बारा वर्षे अर्ज करूनही जे मिळाले नव्हते, ते भीतीने काही महिन्यांसाठी मिळाले. याच शहरात ओडेसात जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन लस तयार करीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोखंडे मुंबई सोडून गेले नाहीत. त्यांनी रोग्यांसाठी रुग्णालय उभे केले आणि तिथे स्वतः राबले. तिथेच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले. वय पन्नाशीच्या आत. महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या.

परळला महाराष्ट्र सरकारची कामगारविषयक शिक्षणसंस्था आहे. तिला लोखंडे यांचे नाव दिले आहे. २००५ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. तरुणपणी त्यांनी याच खात्यात नोकरी केली होती.