मूठभर तांदूळ आणि चर्चची शाळा : संत कुरियाकोस एलियास चावरा

नाताळचा गोठा अजून हललेला नसतो, नव्या वर्षाच्या शुभेच्छा अजून चालू असतात, आणि तेवढ्यात ३ जानेवारीला एका भारतीय संताचा सण येऊन जातो. आपल्या तो लक्षातही राहत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी पहिली अक्षरे चर्चच्या आवारातल्या शाळेत, फादरांच्या नजरेखाली गिरवली. चर्चला शाळा असावी, यासाठी आयुष्यभर झिजलेल्या एका धर्मगुरूची ओळख म्हणूनच आज करून घेऊ या.

केरळात आलप्पुळा शहराजवळ कुट्टनाड नावाचा पाणथळ प्रदेश आहे. चहूकडे कालवे आणि भातशेती. तेथील कैनकरी गावात १० फेब्रुवारी १८०५ रोजी चावरा कुटुंबात कुरियाकोसचा जन्म झाला. प्रार्थना त्याला आईने शिकवल्या. पुढे आपल्या काव्यात त्यांनी आईचे हे ऋण मोठ्या मायेने सांगितले आहे. पाचव्या वर्षी त्याला गावातल्या आशानकडे, म्हणजे हिंदू गुरुजींकडे, शिकायला पाठवले. हजारो ख्रिस्ती मुलांच्या शिक्षणाची सोय पुढे ज्यांनी केली, त्यांना पहिली अक्षरे एका हिंदू गुरुजींनी शिकवली, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते.

१८१८ साली, तेराव्या वर्षी, तो पळ्ळिपुरम येथील सेमिनरीत दाखल झाला. पालक्कल थोमा मल्पान हे तेथील गुरू. मल्पान म्हणजे धर्मशास्त्राचे आचार्य. कुरियाकोस तेथे शिकत असतानाच गावात साथ आली आणि त्याचे आई-वडील व एकुलता एक भाऊ, तिघेही गेले. मागे राहिली भावाची चिमुकली मुलगी आणि ओसाड पडलेले घर. आता या मुलाने घरी परतावे, लग्न करावे, घराण्याचे नाव चालवावे, असा नातेवाइकांचा आग्रह सुरू झाला. त्यांचे तरी काय चुकले? आपल्या घरी असे घडले असते तर आपणही हेच म्हटले असते. पण कुरियाकोसने विवाहित बहिणीची समजूत घातली, घर आणि ती लहान मुलगी तिच्या हवाली केली आणि तो सेमिनरीत परतला. २९ नोव्हेंबर १८२९ रोजी अर्तुंकल येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली.

मल्पान पालक्कल आणि फादर थोमा पोरुकरा या दोन ज्येष्ठांच्या मनात एक मठ स्थापन करायचे होते. तरुण फादर चावरा त्यांना येऊन मिळाले. कोट्टयमजवळ मान्नानम येथील टेकडीवर ११ मे १८३१ रोजी पायाभरणी झाली. मठ हळूहळू उभा राहत होता, पण १८४१ मध्ये पालक्कल आणि १८४६ मध्ये पोरुकरा देवाघरी गेले. सर्व भार एकट्या चावरांवर आला.

दुसरा एखादा त्या वर्षी खचून बसला असता. फादर चावरांनी त्याच १८४६ साली दोन नव्या गोष्टी सुरू केल्या: संस्कृत शाळा आणि छापखाना.

संस्कृत त्या काळी ठरावीक जातींपुरतेच राखलेले होते. फादरांनी त्रिशूरहून शिक्षक आणवले आणि मान्नानमला वर्ग भरू लागला. शेजारीच आर्प्पूकरा येथे त्यांनी दलित मुलांसाठी शाळा काढली. त्रावणकोर संस्थानात या मुलांना शाळेच्या पायरीवरही उभे करत नसत. त्यानंतर साठ वर्षांनीही अय्यनकाली यांना दलित मुलांच्या शाळाप्रवेशासाठी मोठा लढा द्यावा लागला, यावरून फादरांच्या धाडसाची कल्पना यावी.

शाळा काढली तरी मुले टिकेनात. कारण उघड होते. मूल शेतावर गेले तर त्याच्या पोटात दोन घास पडत. शाळेत बसले तर उपाशी राही. फादरांनी मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय केली, कपडे आणि पुस्तकेही दिली. पण धान्य आणायचे कोठून? त्यांनी ख्रिस्ती घरांतल्या गृहिणींना विनंती केली की रोज भात शिजवताना मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवावेत. मल्याळममध्ये त्याला पिडियरी म्हणतात. ते तांदूळ चर्चमध्ये गोळा होत आणि त्यावर मुलांचे जेवण चाले. कोणा श्रीमंताच्या देणगीची वाट पाहावी लागली नाही.

छापखान्याची कथा तर गमतीदार आहे. कोट्टयमला प्रोटेस्टंट मिशनचा छापखाना होता, पण तेथे जाऊन शिकण्याची मोकळीक नव्हती. मग फादर थेट तिरुवनंतपुरमला गेले, सरकारी छापखाना डोळे भरून पाहून आले आणि परतल्यावर केळीच्या खांबाचा नमुना तयार केला. त्यावरून सुताराकडून लाकडी यंत्र बनवून घेतले. ‘ज्ञानपीयूषम्’ हे प्रार्थनापुस्तक त्यावरचे पहिले पुस्तक. मान्नानमच्या याच छापखान्यातून १८८७ साली ‘नस्राणी दीपिका’ हे वृत्तपत्र निघाले. आपले हे रविवारचे पत्रक आता संगणकावर जुळवले जाते, तरी वेळेवर छापून घेताना किती धावपळ होते हे आमचे आम्हांलाच ठाऊक! तेव्हा केळीच्या खांबापासून सुरुवात करणाऱ्या त्या माणसाला आम्ही मनोमन हात जोडतो.

८ डिसेंबर १८५५ रोजी फादर चावरा आणि त्यांच्या दहा सहकाऱ्यांनी व्रते घेतली. हीच आजची सी.एम.आय. संस्था. आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर भागात १९६२ साली जे चांदा धर्मक्षेत्र स्थापन झाले, ते याच संस्थेच्या फादरांकडे सोपवण्यात आले होते.

१८६१ साल मात्र कसोटीचे ठरले. मार थोमा रोकोस नावाचे एक बिशप रोमच्या आज्ञेविरुद्ध केरळात आले आणि बहुसंख्य धर्मग्रामे त्यांच्यामागे गेली. आपल्याच विधीने मिस्सा करणारा पूर्वेकडचा बिशप हवा, ही लोकांची इच्छा जुनी होती, आणि फादर चावरांनाही ती परकी नव्हती. तरीही ते पोप महाशयांशी एकनिष्ठ राहिले. त्याच वर्षी त्यांना सीरियन कॅथलिकांचे व्हिकर जनरल नेमण्यात आले. पत्रे लिहून, गावोगाव फिरून, समजावून त्यांनी लोकांना परत आणले. पुढच्या वर्षी रोकोस मायदेशी परतले.

व्हिकर जनरल असतानाच, १८६४ साली, प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढण्याची आज्ञा निघाली. टाळाटाळ करणाऱ्यांना शिक्षेची ताकीदही होती. सौम्य स्वभावाच्या या धर्मगुरूने शाळेच्या बाबतीत मात्र कडक धोरण धरले. मल्याळममध्ये चर्चला पळ्ळी आणि शाळेला पळ्ळिकूडम म्हणतात. हा शब्द त्यांच्यामुळे आला असे काही जण सांगतात. शब्द जुनाच आहे, पण त्याला चर्चच्या भिंतीशी आणून टेकवण्याचे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

मुलींचे काय, हा प्रश्न उरलाच होता. १३ फेब्रुवारी १८६६ रोजी कूनम्माव येथे, कार्मेलाइट धर्मगुरू फादर लिओपोल्ड यांच्या साथीने, स्त्रियांचा पहिला मठ सुरू झाला. एलिश्वा नावाची एक विधवा, तिची मुलगी आणि बहीण या पहिल्या भगिनींत होत्या. घर बांबूच्या चटयांचे होते. तेथे मुलींना लिहिणे-वाचणे आणि हातकाम शिकवले जाऊ लागले.

एवढ्या धबडग्यात त्यांनी काव्येही लिहिली. पण आम्हांला त्यांचे सर्वांत जवळचे लेखन वाटते ते १८६८ साली आपल्या कैनकरीच्या लोकांना लिहिलेले पत्र, ‘चावरुळ’. त्यात चमत्कार नाहीत, साक्षात्कार नाहीत. मजुराची मजुरी अडवू नका, कर्ज काढू नका, कोर्टकचेरीत पडू नका, मुलांना वेळेवर शाळेत घाला, आई-वडिलांनी डोके ताळ्यावर असतानाच वाटण्या करून टाकाव्यात, अशा घरगुती गोष्टी आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुट्टनाडात भाऊबंदकी काही वेगळी नव्हती तर!

पुढच्याच वर्षी, त्यांच्या प्रेरणेने, कैनकरीला निराधार आणि मरणासन्न लोकांसाठी एक घर सुरू झाले. ज्या गावात साथीने त्यांचे आई-वडील नेले, तेथेच.

अखेरच्या आजारात त्यांच्या डोळ्यांनीही त्यांना फार त्रास दिला. ३ जानेवारी १८७१ रोजी कूनम्माव येथे त्यांनी देह ठेवला. १८८९ साली त्यांचे अवशेष मान्नानमच्या टेकडीवर आणण्यात आले. ८ फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोट्टयमला येऊन त्यांना धन्य घोषित केले आणि २३ नोव्हेंबर २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. कैनकरीच्या लोकांना मात्र त्यांनी एवढेच सांगून ठेवले होते की ते पत्र घराघरांत जपून ठेवावे आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे.