फेलिक्स ब्लॉख
फेलिक्स ब्लॉख (२३ ऑक्टोबर १९०५, झ्युरिक – १० सप्टेंबर १९८३, झ्युरिक) हे स्विस-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादावरील संशोधनासाठी त्यांना एडवर्ड पर्सेल यांच्यासह १९५२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एमआरआय तपासणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

जीवन

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ब्लॉख यांनी झ्युरिक येथे शिक्षण घेतले व १९२८ मध्ये लाइपझिग विद्यापीठात वेर्नर हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली. १९३४ पासून ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. १९५४-५५ मध्ये ते सर्न या संस्थेचे पहिले महासंचालक होते.

कार्य

१९४६ मध्ये विल्यम हॅन्सन व मार्टिन पॅकार्ड यांच्यासह त्यांनी पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संकेत टिपले. रेडिओ लहरींनी विचलित झालेली अणुकेंद्रे पूर्वस्थितीत कशी येतात, हे त्यांची समीकरणे सांगतात. प्रत्येक संकेतानंतर त्यासाठी थांबावे लागत असल्याने आरंभीची एमआरआय तपासणी संथ होती.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. अमरावती, अकोला यांसारख्या शहरांत खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णाचा बराच वेळ प्रवासातच जातो. म्हणून तपासणीतील विलंब अधिक घातक ठरतो. पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ मध्ये एकाच उद्दीपनातून संपूर्ण छेदाचे चित्र मिळवण्याची पद्धत मांडली. तिच्या आधारे आज मेंदूतील बाधित भाग काही मिनिटांत दिसतो.

ब्लॉख यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयांत एमआरआय यंत्रांचा वापर नुकताच सुरू झाला होता.