एच. जी. वेल्स : काळयंत्र लिहिणारे शिक्षक



कालप्रवासाचा सिनेमा बघताना एखादं मूल हमखास विचारतं : नायकाने भूतकाळात जाऊन अपघात टाळला, तर त्याला मागे जायचं कारणच काय उरलं? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. या कथांना यंत्र मिळवून देणारे लेखक एच. जी. वेल्स स्वतः शिक्षक होते.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील ब्रॉमली येथे झाला. वडिलांचं छोटं दुकान होतं, पण ते काही नीट चालेना. १८७४ मध्ये लहानग्या वेल्सचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या पुस्तकांची गोडी लागली. पुढे घरच्या गरिबीमुळे त्यांना कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. रोजचे तेरा तास काम! ते सोडून ते एका शाळेत शिकवू लागले, शिकवता शिकवता शिकले आणि १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले. तिथे टी. एच. हक्सली यांनी त्यांना जीवशास्त्र शिकवलं.

कालप्रवासाची पहिली कथा त्यांनी १८८८ मध्ये कॉलेजच्या मासिकात लिहिली. १८९३ मध्ये आजारपणामुळे शिकवणं सुटलं, मग लेखणीवरच घर चालू लागलं. १८९५ मध्ये 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाली. यातला प्रवासी थेट ८०२७०१ सालात जातो आणि परत येतो. घडून गेलेलं बदलायला तो जात नाही, म्हणून आपल्या मुलांचा प्रश्न तिथे उठतच नाही.

वेल्स १९४६ मध्ये वारले. २००२ मध्ये त्यांचे पणतू सायमन वेल्स यांनी याच कादंबरीवर सिनेमा दिग्दर्शित केला आणि तो प्रश्न मुद्दाम आत आणला. चोराच्या गोळीने गेलेल्या वाग्दत्त वधूला वाचवायला नायक यंत्र बनवतो. मागे जाऊन तिला चोरापासून वाचवतो, पण ती गाडीखाली सापडते. कारण सांगितलं जातं ते असं, की ती जगली असती तर यंत्र बनलंच नसतं. ठीक आहे, पण मग नायकाला आठवणारी ती गोळी झाडली गेली कधी?

हा प्रश्न वर्गात फळ्यावर लिहा. घटनांचा क्रम बाणांनी जोडायला सांगा. कुठला बाण उलटा फिरून स्वतःचीच सुरुवात पुसतो, ते मुलं बरोबर शोधतात. कारण आणि परिणाम शिकवायला याहून सोपा पाठ नाही बरं का!